पाडव्याआधीचा माळा आणि होळीत गेलेली काठी

यंदा पाडवा लवकर आलाय, १९ मार्चलाच. माळा काढायचाय हे होळीपासून डोक्यात होतं तरी मी आज उद्या करत राहिले आणि शेवटी गहूवाल्याचा फोन आला की ताई शनिवारी पोतं आणतो, तेव्हा कुठे स्टूल घेतलं आणि चढले.

आमच्याकडे दिवाळीची साफसफाई वेगळी आणि ही वेगळी. दिवाळीत पंखे, पडदे, जळमटं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल ते सगळं. आत्ताची आवराआवर कुणाला दिसतच नाही. वर्षाचा गहू यायचा असतो, तिखट-मसाला व्हायचा असतो, कुरडया-पापड वाळून डब्यात जायचे असतात, स्वेटर-रजया वर जायच्या असतात, मग त्यासाठी जागा करायची. आई (म्हणजे सासूबाई) याला आवरणं म्हणतच नाहीत, त्या म्हणतात "जागा करू या".

मला हे गेल्या वर्षीपर्यंत कळलं नव्हतं. मी तेव्हा रील्स बघून पेटले होते, वर्षभरात वापरलं नाही ते घराबाहेर काढा, असा तो नियम. ऐकायला एकदम भारी वाटतो. आता तो मराठी घराला लावून बघा. कुरडयांचा मोठा सोऱ्या वर्षातून एकदा निघतो. पुरणयंत्र फार तर तीनदा. चैत्रगौरीचा पितळी पाळणा एक महिना. आणि गुढीची काठी तर एकच दिवस, तोही पूर्ण नाही, संध्याकाळी उतरवायची असते. म्हणजे नियमाने सगळ्यात आधी घराबाहेर जाणार कोण, तर काठी!

आणि गेलीच ती. होळीला सोसायटीतली पोरं लाकडं मागायला आली, मी माळ्यावरून काढलेला तुटका पाट, खुर्चीचा पाय, पडद्याचा जुना दांडा असं सगळं दारात ठेवलंच होतं, त्यातच ती काठी होती, मला वाटलं दांड्याचाच जोडीदार असेल. पोरं खूष, मी पण खूष. पंधरा दिवसांनी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आई म्हणाल्या, काठी काढून ठेव गं, पुसून घेते. माझ्या पोटात गोळाच आला. ती सासऱ्यांनी आणलेली काठी, दोरी खाली सरकू नये म्हणून वरच्या टोकाला त्यांनी स्वतः चाकूने खाच पाडली होती. रात्री आठ वाजता नवऱ्याला घेऊन बुरूड आळीत गेले, एक हिरवट वेळू आणला, स्कूटरवर मागे तो आडवा धरून बसले होते, दोन रिक्षावाले ओरडले. सकाळी त्याला खाच नाही म्हणून गाठी आणि कडुलिंब सारखं घसरत होतं, शेवटी रबरबँड लावलं. आई रागावल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या, "टाकायच्या आधी विचारायचं गं, मी काय माळ्यावर आहे का?"

तेव्हापासून आमच्या घरी वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारतात, ह्याचा दिवस कुठला? दिवस सांगता आला तर ती राहते.

मिक्सरच्या खोक्याला दिवस सांगता आला नाही (मिक्सर जाऊन चार वर्षं झाली, खोका मात्र टुणटुणीत). कुकरच्या सात जुन्या रिंगा, श्रीखंडाचे तेवीस डबे, जाड पिनचे चार्जर, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, सगळं निघालं. रद्दी रद्दीवाल्याला, वायरी-चार्जर वेगळ्या पिशवीत ई-कचऱ्याला. जुनी गादी आणि कपडे कचऱ्यात टाकू नका हां, पुण्यात घरोघरी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारा, त्यांची संस्था असलं सामान वेगळं गोळा करते. बोहारीण आमच्याकडे आता सहा-सहा महिने फिरकत नाही, नाहीतर तीन साड्यांवर एक पातेलं घ्यायला आई तासभर भांडायला तयार असतात.

भांड्यांपाशी मात्र सगळं अडलं. एक स्टीलचा डबा निघाला, कडी तुटलेली, बुडाला पोचा आलेला. मी भंगारात टाकणारच होते तर आईंनी तो पदराने पुसला आणि उजेडात तिरपा धरला. मशीनने टिंब टिंब करून घातलेलं नाव, पण घासून घासून पार गेलंय, "कडून सप्रेम भेट" आणि खाली १८-५-७४ एवढंच उरलंय. कुणी दिला ते त्यांनाही आठवेना. पाच-सहा नावं घेतली, मग स्वतःच म्हणाल्या, नाही, तिने घागर दिली होती. डबा तिथेच, कट्ट्यावर. अजून तिथेच आहे.

रेशमी साड्या सावलीत पसरल्या, कडक उन्हात नाही टाकायच्या, आणि परत घालताना घडी बदलून घातली नाही तर त्याच रेषेवर साडी विरते. डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही, पुरचुंडी करून कोपऱ्यात.

आता गहू. आम्ही लोकवन घेतो, पूर्वी क्विंटल यायचा, आता ५० किलो पुरे होतो. (लोकवन म्हणजे मुळात लोक-१, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेला वाण, मी कित्येक वर्षं हे जंगलाचं नाव समजत होते.) ऊन दाखवायचं पण तापलेला गहू तसाच कोठीत भरायचा नाही, रात्रभर गार होऊ द्यायचा, नाहीतर आत घाम धरतो आणि मग टोके झालेच. कडुलिंबाचा पाला पण सावलीत खडखडीत वाळवूनच घालायचा, ओला घातलात तर उलटा त्रास. ही चूक मी पहिल्या वर्षी केलीये, अर्धं पोतं चाळत बसले होते.

काठी यंदा कपाटामागे उभी आहे, मार्करने "होळीसाठी नाही" लिहून ठेवलंय. खाच नवऱ्याने पाडली, जरा वाकडी झालीये.

कोठी घासून पुसून उन्हात पालथी घातली. फक्त तिचं झाकण सकाळपासून कुठेच दिसत नाहीये. भंगारवाला काल येऊन गेला. आईंना अजून सांगितलेलं नाही.