घरच्या ब्रॉडबँडचा प्लॅन कसा निवडला, माझा अनुभव (फोंडा, गोवा)

नवीन कनेक्शन घ्यायचं म्हटलं की जो तो पहिलं विचारतो, किती एमबीपीएसचं (म्हणजे किती वेगाचं) घेताय? मला आता अगदी मनापासून वाटतं की हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर यायला हवा. त्याच्या आधी आपल्या घरात संध्याकाळी आठ ते दहा नक्की काय काय चालू असतं ते कागदावर मांडायचं, मग अपलोडचं विचारायचं, आणि पावसात तार तुटली तर जोडायला कोण येतं ते बघायचं. आम्ही याच क्रमाने गेलो म्हणून सविस्तर लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आमचं घर फोंडा तालुक्यात, कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून, जुनं चिऱ्यांचं, मधे राजांगण नि भोवती खोल्या. माणसं सहा. धाकटा दीर पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, मी काही दुकानांचे जीएसटीचे हिशेब घरूनच बघते, मुलगा बारावीला त्यामुळे त्याचे लेक्चर, सासूबाईंच्या मालिका आणि यूट्यूबवरची कीर्तनं, नवरा कामावरून आला की मॅच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सासरे संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पेटी शिकवतात, बाहेरगावचे विद्यार्थी आहेत त्यांचे. आधीची लाईन तांब्याच्या तारेची होती. सासऱ्यांनी सूर धरला की समोरून "मास्तर, आवाज तुटतोय" असं यायचं, आणि त्याच वेळी टीव्हीवर मालिका मात्र व्यवस्थित चालू असायची, सासूबाईंना कळायचंच नाही की नेटला काय झालंय.

त्याचं कारण दिराने समजावून सांगितलं तेव्हा सगळा हिशेब सोपा झाला. मालिका म्हणजे डाऊनलोड, ती थोडी थोडी आधीच उतरवून ठेवली जाते त्यामुळे मधे नेट दचकलं तरी पडद्यावर दिसत नाही. कॉलवर आपला आवाज नि चित्र बाहेर जातं, म्हणजे अपलोड, आणि ते त्याच क्षणी पोचावं लागतं. जुन्या लाईनला डाऊनलोड बरा होता पण अपलोड जेमतेम एक एमबीपीएस, त्यात अंगणातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पण वर जायचं, मग पेटीचे सूर तुटणारच ना.

मग एका वहीच्या पानावर सगळं लिहून काढलं. टीव्हीवर एचडी बघायला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, 4के असेल तर 15 धरायचे. व्हिडिओ कॉलला चांगलं चित्र हवं तर जाताना-येताना तीन-चार. कॅमेऱ्याला एक-दोन वर जायला. दिराचा रात्रीचा कॉल, सासऱ्यांचा क्लास, टीव्ही, मुलाचं लेक्चर, फोनवर कोणी काही बघत असेल ते, असं सगळं एकाच वेळी चालू आहे असं धरून बेरीज केली तर पंचवीस-तीसच्या आसपास आली. तीनशे एमबीपीएसच्या प्लॅनची गरजच नव्हती. तीस-चाळीसच्या प्लॅनवर काम झालं असतं पण मुलाच्या लॅपटॉपचं अपडेट किंवा एखादा मोठा गेम उतरायला लागला की बाकीच्यांचं अडकतं, म्हणून थोडी मोकळीक ठेवून 100 नक्की केलं. 50 जीबीचा गेम 100 वर साधारण सव्वा तासात उतरतो आणि 300 वर पंचवीस मिनिटांत, एवढ्यासाठी दर महिन्याला जास्तीचे पैसे भरायचे का हे ज्याने त्याने ठरवावं, आमच्याकडे नाही म्हणून ठरलं. आणि हो, एमबीपीएसमधलं एमबी म्हणजे मेगाबिट, फाईल मात्र मेगाबाईटमधे मोजतात, म्हणून एमबीपीएसला आठने भागायचं, म्हणजे 100 च्या लाईनवर सेकंदाला साडेबारा एमबीच उतरणार, बरेच जण इथेच हैराण होतात की फसवलं म्हणून.

ब्रॉडबँड या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. 2023 पासून सरकारी व्याख्येत किमान 2 एमबीपीएस मिळाले की ब्रॉडबँड म्हणता येतं, त्याआधी तर 512 केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस होतं. त्यामुळे त्या शब्दावरून काहीच कळत नाही.

डेटाची लिमिट हा दुसरा घाबरवणारा विषय. अनलिमिटेड लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 3300 जीबीनंतर स्पीड कमी. एचडी व्हिडिओ तासाला जास्तीत जास्त 3 जीबी खातो. म्हणजे एक टीव्ही महिनाभर रात्रंदिवस बंदच केला नाही तरी 2160 जीबी होतात. आमच्यासारख्या घराला ती लिमिट लागणं कठीण आहे. पण काही स्वस्त प्लॅनमधे आणि 5जी वायरलेसमधे (मोबाईलच्या टॉवरवरून येणारं नेट) ही लिमिट बरीच कमी असते, तिथे मात्र डोळ्यात तेल घालून वाचा.

आता कोणाकडून घ्यायचं. यात ॲपवरचे स्टार बघून काही कळलं नाही, वाड्यावरच्या लोकांना विचारून कळलं. घ्यायचं होतं फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची तार, आणि ती आमच्याकडे जमिनीखालून येत नाही, खांबावरून येते, आणि जूनमधे वारा सुटला की माडाची चुडतं पडतात, कधी अख्खं झाड पडतं नि तार जाते. शेजारच्या काकींनी सरळ सांगितलं की अमुक एकाची लाईन गेली की आठवडा जातो आणि दुसऱ्याकडचा मुलगा त्याच दिवशी शिडी घेऊन येतो. ही माहिती मला सगळ्यात मोलाची वाटली. मी त्या दुसऱ्याला फोन करून अजून एक विचारलं की इकडे लाईट गेली नि आमच्या घरी राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहिला तरी तुमच्या टोकाला बॅटरी आहे का? कारण त्यांचं मशीन बंद पडलं तर आपल्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही. तो म्हणाला, "आहे ताई, चार-पाच तास जाते." त्यावर माझं अर्धं ठरलंच.

5जीवालं बिनतारी पण बघून घेतलं, तार ओढायला नको म्हणून नवऱ्याला ते पसंत होतं. पण आमचं घर उतारावर, समोर डोंगर नि भोवती पोफळी, गच्चीवर फोन धरून बघितलं तर सिग्नल एका कोपऱ्यातच बरा. जिथे फायबर पोचतच नाही तिथे हा पर्याय चांगलाच आहे, पणजी-म्हापशाला माझ्या ओळखीत लोक वापरतात नि खूष आहेत.

पैशाचं सांगते. जाहिरातीतल्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 699 चा प्लॅन हातात 825 ला पडतो. राऊटर फुकट म्हणतात तो बहुतेक वेळा परत द्यायचा असतो, डिपॉझिट आहे का ते विचारा. ओटीटी सोबत मिळणारा महागडा प्लॅन आम्ही सोडला कारण त्यातलं सासूबाईंना हवं ते एकही नव्हतं. एकदम वर्षाचे पैसे भरले तर सूट होती, तरी सहा महिन्यांचेच भरले, पावसाळा काढून बघू म्हटलं. अपलोडसुद्धा 100 च मिळेल ना, हे मेसेजवर लिहून घेतलं.

जोडायला आलेला मुलगा हुशार होता. फायबरचं टोक साफ करून त्याने छोट्या मीटरला लावलं, त्यावर उणे 19 डीबीएम आलं, हे तारेतून येणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचं माप. मी विचारलं हे बरं की वाईट, तर म्हणाला उणे 27 च्या पलीकडे गेलं की लाईन सारखी तुटते, हे मस्त आहे. तो आकडा मी मीटरसकट फोटो काढून ठेवलाय, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुलना करायला. राऊटरवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला की तार गेली असं समजायचं, हे पण सांगून गेला.

आणि मग घरातलं वायफाय. चिऱ्याची भिंत दीड-दोन फुटांची, राऊटर दर्शनी खोलीत, तिथे मोबाईलवर 90 च्या वर आणि स्वयंपाकघरात 5 गिगाहर्ट्झचं नावच दिसेना, 2.4 वर कसेबसे 15 (राऊटर वायफाय या दोन लहरींवर देतो). 2.4 ची लहर जाड भिंतीतून जास्त पोचते पण हळू. इथे लोक वैतागून मोठा प्लॅन घेतात, तो घेऊन भिंत काही पातळ होत नाही. आम्ही राजांगणाच्या कडेने लॅनची केबल (राऊटरपासून थेट जोडायची तार) नेली, एक टोक टीव्हीला आणि दुसरं पेटीच्या खोलीत, तिथे एक जादा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लावला. लॅनचे पोर्ट गिगाबिट (हजार एमबीपीएसचे) आहेत का ते बघून घ्या, जुन्या राऊटरचे पोर्ट शंभरच्या पुढे जातच नाहीत. राऊटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, लाईट जाते तेव्हा इन्व्हर्टर पकडेपर्यंत राऊटर बंद होऊन परत चालू व्हायचा नि सगळ्यांचे कॉल तुटायचे, ते थांबलं. विजा चमकायला लागल्या की मात्र ॲडाप्टर सॉकेटमधून काढतेच मी, फायबरमधून वीज येत नसली तरी प्लगमधून येते, तेवढ्या वेळात राऊटर यूपीएसच्या बॅटरीवर चालतो.

सासऱ्यांचा क्लास आता संध्याकाळी सातला सुरू होतो नि दीर त्याच वेळी मीटिंगमधे असतो, दोघांचं चालतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) मुंबईची सगळी मंडळी येणार, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना व्हिडिओ कॉल सुरूच असतात आणि वीस-पंचवीस मोबाईल घरात येतात, म्हणून विचारून ठेवलंय: याच तारेवर 200 चा प्लॅन लगेच करून मिळतो, खाली मात्र चालू पिरियड संपल्यावरच येता येतं. तसं असेल तर चवथ सहा महिन्यांच्या शेवटाकडे येईल अशा हिशेबाने पुढचा रिचार्ज करणार आहे.