पणजीत दोघींनी खायचं तर: भाजी-पाव ते रोस आमलेट

पणजीतलं खाणं घड्याळावर चालतं. सकाळी सातला पातळ असलेली भाजी अकरापर्यंत आटून लगदा होते. साडेबाराला त्याच टेबलांवर भाताची ताटं येतात, एक ते चार अर्धं शहर आडवं झालेलं असतं आणि रोस आमलेटचे, म्हणजे रश्शात बुडवलेल्या आमलेटचे, गाडे अंधार पडू लागल्याशिवाय लागत नाहीत. ‘भूक लागली की बघू’ म्हणत फिरणारे शेवटी पनीर बटर मसाल्याच्या दारात जाऊन उभे राहतात.

आम्ही दोघी. मी मासे खाणारी, मैत्रीण शाकाहारी, अंडं मात्र तिला चालतं. खाद्यभ्रमंतीला ही जोडी उत्तम. एकाच पदार्थाच्या दोन प्लेटी कधी मागवायच्या नाहीत, हा एक नियम पाळला की एका सकाळी दोन कॅफे सहज होतात.

सकाळची पहिली फेरी सिने नॅशनलजवळच्या कॅफे भोसलेला. दुसरी शंभरी ओलांडलेल्या कॅफे तातोला. दोन्हीकडे गर्दीच्या वेळी टेबल वाटून बसावं लागतं, त्यात संकोच करू नये. मागवायची ती एक पातळ भाजी, एक सुकी भाजी आणि आधी दोनच पाव. पातळ भाजीत रात्रभर भिजवलेले वाटाणे असतात आणि भाजलेलं खोबरं, धने, मिरची, मिरी, लवंग यांचं वाटण. चांगल्या भाजीत वाटाणा अख्खा दिसतो, पण बोटाने दाबला की पीठ होतो. कच्चट लागला तर भिजवण कमी पडलंय. ‘मिक्स’ मागितलं तर सुक्या बटाट्याच्या भाजीवर पातळ भाजी ओततात. लोकप्रिय आहे, पण दोघी असाल तर मागवू नका. दोन्ही भाज्या वेगवेगळ्या आल्या तर पहिले चार घास त्यांची खरी चव कळते, मिसळायचं काम मग आपलं आपण करता येतं. पाव दोन-दोनच मागवायचे, कारण भट्टीचा पाव गार झाला की चिवट होतो आणि रस्सा पीत नाही.

पावाचे प्रकार नीट बघून घ्यावेत. चौकोनी मऊ तो साधा पाव. गोल, वरून कडक आणि मधे चीर असलेला उंडो. कात्रीने कापल्यासारखा पसरलेला कातऱ्याचा पाव. कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ ती पोई. आणि बांगडीसारखं कांकण, जे चहात बुडवल्याशिवाय खाऊच नये. पातळ भाजीला साधा पाव, सुक्या भाजीला पोई असं माझं मत: पोईला एका बाजूने फाडून खिशात भाजी भरायची, म्हणजे ताटलीही लागत नाही. कॅफेत पोई बहुतेक नसते. सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत सायकलवर येणाऱ्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नका, वाफ कोंडून दहा मिनिटांत ती रबरासारखी होते. कागद किंवा कापडी पिशवी बरी.

दुसऱ्या कॅफेत मिरची भजी आणि बन. बन म्हणजे केळ्याची गोडसर, फुगलेली जाड पुरी. घरी करायची असेल तर दोन काळी पडलेली केळी, साधारण दोन कप मैदा, पाव वाटी दही, दोन-तीन चमचे साखर, जिरं, मीठ, चिमूट सोडा. केळ्यात बसेल तेवढाच मैदा घालायचा, पाणी अजिबात नाही, आणि गोळा सहा ते आठ तास झाकून ठेवायचा. पुरीपेक्षा जाड लाटायचा. पातळ लाटला तर फुगत नाही. तेल फार तापलं तर साखरेमुळे बाहेरून लगेच काळपट होतो आणि आत पीठ कच्चं राहतं, म्हणून आच मध्यम.

मधल्या वेळात मळा-फोंतेंय्यासच्या गल्ल्या आणि 1930 च्या दशकातली 31 दे जानेरो ही बेकरी. बेबिंक एकच तुकडा घ्यावा. नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, साखर, तूप आणि मैदा, थरावर थर वरच्या आचेने भाजलेले. किमान सात थर हवेत आणि ते सुरीने अलग व्हायला हवेत.

दुपारी एक मत्स्यथाळी, एक शिवराक, म्हणजे शाकाहारी, थाळी. तळलेला मासा बहुतेक ठिकाणी वेगळा लावतात आणि भाव आकारावर असतो, तेव्हा इस्वण (सुरमई) किंवा चणक (जिताडा) सांगण्याआधी दर विचारून घ्या. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत, तिरफळ असतं, ते बाजूला काढायचं. चावलंत तर जीभ बधिर होऊन पुढच्या सोलकढीची चवच जाते. तिसऱ्यांतला मिटलेला शिंपला उघडायच्या भानगडीत पडू नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात मोठा मासा बर्फातला असण्याची शक्यता जास्त. तो तळताना पाणी सोडतो आणि रव्याचं कवच मांसापासून सुटून येतं, ताटात लगेच कळतं. तेव्हा सरळ खाडीतला मासा आहे का विचारावं, नाहीतर सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, आणि भात. पावसाळ्यात तेच जास्त चविष्ट.

संध्याकाळी सातनंतर गाडा. गाडेवाला स्टीलच्या पेल्यात दोन अंडी फोडतो, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालून चमच्याने खडखडवतो आणि तव्यावर पसरतो. आमलेट घडी करून ताटलीत आलं की त्यावर चिकन शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्शाचा, उकळता रस, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड, शेजारी पाव. सगळी मजा रसावर. पातेलं न ढवळता वरचा डाव घातला तर ताटलीत नुसता तेलाचा तवंग येतो, म्हणून ‘ढवळून घाला’ म्हणायला लाजू नये. आमलेटही फार पातळ नको, रसात विरघळून जातं. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते वेगळंच: काही गाड्यांवर चण्याचा रस मिळतो, पण डाव दोन्ही पातेल्यांत एकच फिरत असतो. मैत्रिणीने त्यामुळे साधं आमलेट-पाव घेतलं आणि रस माझ्या एकटीच्या वाट्याला आला.

गाड्यावर सुटे पैसे जवळ असलेले बरे. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी असेल तर संध्याकाळच्या पोदेराकडून चार पोया घेऊन ठेवा. सकाळी पाण्याचा हलका हबका मारून, कोरड्या तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट गरम केल्या की पुन्हा मऊ होतात. प्रवासात आत भरायला सुकी भाजीच घ्यावी, पातळ नको.