वाटणीतले मोती

बडोद्यात घडियाळी पोळीतल्या आमच्या पेढीवर मोती ओवायचं काम माझ्याकडे. दसऱ्याच्या गर्दीत दोन जावा आल्या. सासूबाईंच्या दागिन्यांची वाटणी घरीच उरकलेली. थोरलीकडे दुपदरी सर, 'अस्सल बसरा', म्हणजे आखाती समुद्रातले नैसर्गिक मोती. तो नव्याने ओवायचा होता. मोत्यांचा गालिचा करवून घेणाऱ्या खंडेराव महाराजांचं हे गाव. इथल्या मराठी घरातला जुना मोती बसराच असतो, दुसरा असूच शकत नाही!

दोरा कापला आणि सवयीने एका मोत्याच्या भोकात भिंगातून पाहिलं. कडेला पापुद्र्याएवढा थर, मग बारीक काळसर रेघ, त्याच्या आत पांढरा मणी. बसऱ्यात असा मणी नसतो. शिंपल्यात तो माणूस ठेवतो, आणि बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या शिंपल्यापासून कोरलेला. सहा-सात मिलिमीटरचे, एकसारखे गोल, भोकापाशी झिजलेले: जपानचे अकोया, माणसाने शिंपल्यात पिकवलेले. तिथल्या मिकिमोतो नावाच्या माणसाने तोबा गावाजवळ १८९३ साली अर्धगोल मोती पिकवला, पूर्ण गोल मागाहून आले. सासूबाईंचं लग्न १९५८ चं, तोवर हे मोती बाजारात मुरले होते.

"अहो, नीट बघा. सासूबाई स्वतः बसरा म्हणायच्या."

"लॅबमध्ये एक्स-रे काढून घ्या, ताई. माझ्या शब्दावर जाऊ नका."

तेवढ्यात धाकटीने पर्समधून कानातले काढले. "यांच्या दांड्या हलतात, तेवढं बघाल? खोटेच आहेत म्हणा." दोन काळपट मोती, बारा मिलिमीटरच्या आसपास. उजेडात फिरवले तर हिरवी-जांभळी झाक. दांडी तर हातातच आली. आत मणी होताच, पण वरचा थर चांगला जाड आणि खोलवर काळसर. रंगवलेला असता तर भोकाच्या कडेला रंग साचला असता. हे काळ्या ओठाच्या शिंपल्याचे, प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातले मोती. ताहितीचे म्हणून विकतात, पण पिकतात मुख्यतः त्वामोतू आणि गांबिये बेटांच्या पाण्यात.

"आणले कोणी?"

"यांनीच. जहाजावर होते तेव्हा, आईंसाठी. त्यांनी कधी घातलेच नाहीत, काळे म्हणून."

मी भाव सांगितला. सगळा सर मोडला तरी त्या दोन मोत्यांची बरोबरी झाली नसती.

थोरल्या बाईंनी पदर सावरला. "वाटणी अजून कागदावर झालेली नाही हं."

"दांड्या आत्ताच पक्क्या करून द्या," धाकटी मला म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.