अरबी समुद्राच्या मधल्या थरातला प्राणवायू

समुद्रात जसजसे खोल जावे तसतसा प्राणवायू कमी होत जातो आणि तळाशी तो पार संपतो, असा समज सुशिक्षित माणसांतही सर्रास आढळतो. अरबी समुद्राच्या मध्यभागी घेतलेल्या मोजमापांचा आलेख पाहिला की हा समज टिकत नाही. पृष्ठभागाच्या उबदार पाण्यात लिटरमागे सुमारे 200 मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एक छोटे एकक) प्राणवायू असतो. शंभर-दीडशे मीटर खाली तो झपाट्याने घसरतो आणि तिथून जवळजवळ 1000 मीटरपर्यंत इतका अल्प राहतो की नेहमीच्या उपकरणांना तो शून्यापासून वेगळा ओळखता येत नाही. त्याखाली मात्र तो पुन्हा वाढू लागतो आणि 3000 मीटरवर शंभराच्या पुढे गेलेला असतो. गुदमरलेला थर आहे तो मधला. तळाचे पाणी त्या मानाने सुस्थितीत आहे.

तळाचे पाणी सुस्थितीत का, याचे उत्तर फार दूरवर आहे. अंटार्क्टिकाच्या आसपास अतिथंड, खारट आणि म्हणून जड झालेले पाणी प्राणवायूसकट खाली बुडते आणि तळालगत उत्तरेकडे सरकत, आफ्रिकेच्या बाजूने विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्राच्या खोऱ्यात शिरते. या प्रवासाला काही शतके लागतात, पण खोल पाण्यातील जीवसृष्टी विरळ असल्यामुळे वाटेत खर्चही बेताचाच होतो. मधल्या थराला असा पुरवठा नाही. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर उत्तरेला थंड प्रदेशापर्यंत पोहोचतात आणि तिथे हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी बुडून मधल्या थरांना ताजी हवा मिळते. अरबी समुद्राची उत्तरेची वाट मात्र आशिया खंडाने कर्कवृत्ताच्या जरा पुढेच बंद केली आहे. त्यात पावसाळी वाऱ्यांमुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला खालचे पोषक पाणी वर येते, प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, प्रचंड वाढ होते, आणि ते मेल्यावर खाली पडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जिवाणू मधल्या थरातील उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात.

ही गोष्ट आजची नव्हे. 1933-34 मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली, तेव्हाच मधल्या खोलीवरील तळाचा काही भाग जवळजवळ निर्जीव असल्याचे तिच्या लक्षात आले होते. पुढे 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तिच्यातूनच 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि गोव्यात दोनापावला येथे तिचे मुख्यालय उभे राहिले. आपल्या किनाऱ्यासमोरच्या पाण्याविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्यातले बरेचसे या संस्थेच्या कामामुळे.

आता यातला खरा पेच सांगतो. प्लवकांची सर्वाधिक वाढ पश्चिमेला, ओमान-सोमालियाकडे होते. म्हणजे प्राणवायूचा सर्वांत मोठा तुटवडाही तिथेच पडायला हवा. पेरूच्या किनाऱ्याला तसेच घडते. अरबी समुद्रात मात्र तुटवड्याचा गाभा मध्य आणि पूर्व भागात, म्हणजे आपल्या बाजूला सरकलेला आहे. केवळ कोण किती खातो यावरून हे उलगडत नाही, तर पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहावे लागते. पश्चिम भागात दक्षिणेकडून येणारे तुलनेने ताजे पाणी पोहोचते, शिवाय इराणचे आखात आणि तांबडा समुद्र यांतून बाहेर पडणारे खारट पाणी मधल्या थरांत शिरताना थोडाफार प्राणवायू घेऊन येते. पूर्वेकडे पोहोचेपर्यंत ही शिदोरी संपलेली असते. माझ्या मते अरबी समुद्राचा अभ्यास रसायनशास्त्रज्ञांनी एकट्याने करू नये, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरे आहे. मी स्वतः रसायनशास्त्राचा असूनही हे म्हणतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यातील प्रवाह तर तिथल्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातो, ही बाब अभ्यासकांना बराच काळ कोड्यात टाकणारी होती. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच परदेशातील काही गटांनी केलेल्या गणिती कामातून दिसले की या प्रवाहाची चावी बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागरात आहे. तिथे वाऱ्यामुळे उठणाऱ्या, किनाऱ्याला चिकटून चालणाऱ्या केल्विन लाटा पूर्व किनाऱ्याने खाली उतरतात, श्रीलंकेला वळसा घालतात आणि पश्चिम किनाऱ्याने वर सरकतात. या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत. पृष्ठभागावर त्यांची उंची काही सेंटीमीटरच असते, पण आत उबदार आणि थंड पाण्याची सीमा त्या कित्येक मीटर वरखाली करतात. दिवसाला साधारण 200 किलोमीटर हा त्यांचा वेग. त्यामुळे मालवणसमोरच्या पाण्यात आज जे घडते आहे त्याचे कारण काही आठवड्यांपूर्वी आंध्रच्या किनाऱ्यावर वाहिलेल्या वाऱ्यात असू शकते.

हे केवळ कागदावरचे गणित राहिलेले नाही. कन्याकुमारीपासून मुंबईपर्यंत खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून समुद्र खोल होतो तिथे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दोरखंडाला बांधून पाण्यात सोडलेली ध्वनिमापक यंत्रे वर्षानुवर्षे प्रवाहाची नोंद करत आली आहेत. यंत्र वरच्या दिशेने ध्वनीचे स्पंद सोडते, पाण्यातील प्लवकांवर आणि बारीक कणांवर आपटून प्रतिध्वनी येतो, आणि त्याच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून प्रत्येक थरातील पाण्याचा वेग काढला जातो. याच प्रतिध्वनीच्या तीव्रतेत एक वेगळीच हकिकतही सापडते: संध्याकाळ झाली की प्राणिप्लवकांचे थवेच्या थवे वर येतात आणि पहाट होताच प्राणवायू नसलेल्या अंधाऱ्या थराकडे परततात. जिथे बहुतेक शत्रूंना श्वास घेता येत नाही तिथे दिवस काढणे त्यांना परवडते.

किनाऱ्याजवळची कथा थोडी वेगळी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, चढू लागते. आधी केरळकडे आणि मग क्रमाने उत्तरेला. ते वर येऊन हवेत मिसळले असते तर प्रश्न मिटला असता. पण याच दिवसांत सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस मांडवी, जुवारी, तेरेखोल, शास्त्री, वाशिष्ठी अशा नद्यांतून समुद्रात येतो आणि दुधावर साय धरावी तसा गोड्या, हलक्या पाण्याचा पातळ थर वर पसरतो. वरचे वर आणि खालचे खाली राहते. गोव्यात कांदोळीसमोर जेमतेम 25-30 मीटर खोलीच्या एका ठिकाणी 1997 पासून नियमित मोजमापे घेतली जातात, आणि तिथे दरवर्षी दिसणारा क्रम ठळक आहे: आधी प्राणवायू संपतो, मग जिवाणू श्वसनासाठी त्याऐवजी नायट्रेटकडे वळतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तेही संपले की सल्फेटची पाळी येऊन तळालगत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पावसाळी बंदी उठून ट्रॉलर बाहेर पडतात तो हाच काळ. तळालगतचे मासे आणि कोळंबी अशा पाण्यातून बाजूला होतात, याचा विचार मासळीच्या चर्चेत क्वचितच होतो.

किनाऱ्यालगतच्या एका फेरीत मला हे पाणी हाताळायला मिळाले. बाटलीची तोटी उघडताच सडलेल्या अंड्याचा वास आला, त्यामुळे पुढचे उत्तर काय येणार हे सगळ्यांना कळून चुकले होते. तरीही रीत ती रीत. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये दिलेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. बुडबुडा शिरू न देता काचेची कुपी काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीज क्षाराचे आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडायचे, बूच लावून उलटसुलट करायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. वरच्या थरातील पाण्याच्या कुप्या तशा बसल्या होत्या. तळाच्या कुपीत साका तपकिरी झालाच नाही. हायड्रोजन सल्फाइड या पद्धतीत ढवळाढवळ करतो, म्हणून त्या कुपीसाठी वेगळी चाचणी लावावी लागली.

या साऱ्याला माणूस किती जबाबदार? एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवले की पश्चिम किनाऱ्यासमोर हा तुटवडा तीव्र होत असून त्यातून नायट्रस ऑक्साइड हा शक्तिशाली हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. शेतीतून वाहून येणारी खते हे त्यांनी सुचवलेले एक संभाव्य कारण होते. वर्तमानपत्रांनी अशा निष्कर्षाचा सरळ ‘प्रदूषणाने समुद्र मेला’ असा मथळा करणे मला पटत नाही. तुटवडा मुळात निसर्गाचा आहे, प्रवाहांनी घडवलेला आहे. माणसाची भर पडते ती या पायावर, आणि ती किती हे ठरवायला दशकानुदशके एकाच ठिकाणी, एकाच काटेकोरपणे घेतलेली मोजमापे लागतात. अशा नीरस कामाला निधी मिळवणे हे नवे जहाज बांधण्यापेक्षा अवघड असते.

अलीकडे आर्गो तरंगकांनी, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजमाप यंत्रांनी, हे चित्र पुष्कळ भरून काढले आहे. 1000 मीटरवर वाहत राहायचे, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरून मोजत मोजत वर यायचे आणि उपग्रहाकडे नोंदी पाठवायच्या, हे त्यांचे काम. त्यांतील काहींवर आता प्राणवायूचे संवेदकही बसवलेले असतात. पण या संवेदकांचे वाचन काळानुसार सरकते आणि अरबी समुद्रात नेमकी तीच अडचण मोठी ठरते. इतरत्र दोन मायक्रोमोलांची चूक खपून जाईल. इथे मात्र लिटरमागे शून्य की दोन यावर जिवाणू प्राणवायूवर जगणार की नायट्रेट फोडून नायट्रोजन हवेत घालवणार हे अवलंबून असते. म्हणून तरंगक पाण्यात सोडताना त्याच ठिकाणचे पाणी बाटलीत घेऊन विंकलरच्या पद्धतीने तपासतात आणि संवेदकाचा आकडा त्या उत्तराशी जुळवून घेतात.