आठ कोनांचा नट

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात जुन्या ट्रकचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडला, की बहुतेक वेळा नटावर छन्नीचे घाव दिसतात. त्या बुधवारी आलेल्या सहाचाकीचा नट तर चारी बाजूंनी चेचलेला होता.

गाडी मार्केट यार्डात कांदा उतरवून आली होती. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, डाव्या मागच्या चाकाला जळका वास मारतोय." हबला हात लावून बघितला, तर चटकाच बसला. घाटात ब्रेक लागला नसता, तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

या गाड्यांत सगळं वजन हौसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या नळीवर असतं, त्यामुळे एक्सल शाफ्ट चाक न उचलता ओढून काढता येतो. शाफ्ट काढला, मग गाडी जॅकवर घेऊन खाली टेकू म्हणून घोडी लावली. हेल्परनं सवयीनं छन्नी-हातोडा उचलला, तो मी खाली ठेवायला लावला. छन्नीनं नट फिरतो, पण किती आवळला ते हाताला कळत नाही. आणि घाव चुकून आतल्या आट्यांवर बसला, तर नट बदलून भागत नाही, हौसिंगचं तोंडच कामातून जातं.

माझ्याकडे 80 आणि 85 मिलिमीटरचे बॉक्स, म्हणजे नटावर टोपीसारखे चढणारे पाने होते. एक चढेना, दुसरा सैल. व्हर्निअर लावलं तर साडेब्याऐंशी मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन इंच. वर नट आठ कोनी! कधीतरी कुणीतरी दुसऱ्याच गाडीचं हौसिंग बसवलेलं. जुन्या ट्रकमध्ये हे नेहमीचंच, म्हणून कंपनीच्या मापावर विसंबून चालत नाही. आठ कोनांवर बारा कोनी बॉक्सही बसत नाही.

नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरलो, नाही मिळाला. बुधवार असल्यामुळे जुना बाजार भरलेला होता. तिथे गंजलेल्या पान्यांच्या ढिगात हवा तो बॉक्स सापडला, जाड भिंतीचा, आठ कोनी. पण तोंडाला आतून उतार होता. नट पातळ असला की पकड नेमकी त्या उतारावर येते आणि बॉक्स सटकतो. म्हणून परत येताना भोसरीत लेथवर तोंड सपाट करून घेतलं, उतार जाईपर्यंत.

चेचलेल्या कडा कानशीनं घासल्या, बॉक्स चढवला, दांड्याला पाइप लावला आणि जोर दिला. एकही घाव न घालता चेक नट, म्हणजे आतल्या नटाला जखडून ठेवणारा बाहेरचा नट, सुटला. दोन नटांमधल्या लॉक वॉशरची दुमडलेली जीभ सरळ करून आतला नटही काढला. बेअरिंग तापून निळं पडलेलं, ग्रीस पातळ होऊन सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर आलेलं. आधीच्या कुणीतरी छन्नीनं नट ठोकून ठोकून आवळला होता.

नवी बेअरिंगं, सील, लायनर, दोन्ही नट. हब हातानं फिरवत फिरवत नट आवळला, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग बेअरिंगला किंचित ढिलाई राहावी म्हणून थोडा मागे घेतला. चेक नट आवळताना ती ढिलाई पुन्हा दाबली जाते, म्हणून त्यानंतर हब परत हलवून बघितला. इथे घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

मोशीपर्यंत चक्कर मारून आलो, हब कोमट होता. ड्रायव्हरच्या डायरीत मी लिहून दिलं: मागचा हब, आठ कोन, सव्वातीन इंच, छन्नी लावू देऊ नये.