पाच पॉइंट एक

त्या रिपोर्टवर सही माझी होती. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी: 5.1, अगदी नॉर्मल. मशीन नीट चाललं होतं, दोन्ही कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) हद्दीत होते, ग्राफवरचा उंचवटा जिथे यायला हवा तिथेच आला होता. उद्या ऑडिटवाले आले तरी त्यांना बोट ठेवायला जागा सापडणार नाही. तरीही तो आकडा फसवा होता आणि तो फसवा असू शकतो हे मला, निदान पुस्तकी तरी, माहीत होतं. ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतेय.

कुष्ठरोगाच्या रुग्णालयातली लॅब बाहेरच्यांना वाटते तशी नसते. इथे जंतू वाढवायच्या प्लेटा नाहीत. हान्सेनने 1873 साली पाहिलेला हा जंतू आजवर कुठल्याच कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. कानाच्या पाळीला बारीक चीर द्यायची, खरवडायचं, काचेवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. जंतूच्या बाबतीत आमची झेप एवढीच. उरलेला दिवस औषधांनी रक्ताचं काय केलंय ते शोधण्यात जातो.

काका पन्नाशीच्या पुढचे. एमबी, म्हणजे अंगात जंतू जास्त असलेला प्रकार, सुरुवातीचा स्मिअर (काचेवरची जंतूंची मोजणी) 5 प्लस. औषधांच्या बारा मासिक पाकिटांपैकी नऊ संपलेली. म्हणजे रोज 100 मिलिग्रॅम डॅप्सोन आणि 50 क्लोफाझिमिन, शिवाय महिन्यातून एकदा समोर बसवून रिफॅम्पिसिन 600 आणि क्लोफाझिमिन 300. क्लोफाझिमिनने चेहरा तांबूस-काळा पडलेला. मध्येच ईएनएल रिॲक्शन आली, अंगभर दुखऱ्या लाल गाठी आणि ताप. त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कधी 40, कधी 20, मग पुन्हा 40. असे बरेच महिने गेले.

ते माझ्या जास्त ओळखीचे झाले एका पीजी मुलीच्या प्रबंधामुळे. विषय होता कुष्ठरोगातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिडेशनने पेशींची होणारी नासधूस) आणि हृदयविकाराचा धोका. पहिल्याच दिवशी तिने मला दोन फोटो दाखवले, खालची नावं झाकून. एकात कुष्ठरोगाच्या चट्ट्यातली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, जंतू आणि चरबीने फुगून फेसाळ झालेली. दुसऱ्यात हृदयाच्या धमनीच्या भिंतीतली मॅक्रोफेज, ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, गिळून तशीच फेसाळ. "मॅडम, कुठला कुठला?" एकोणीस वर्षं या खुर्चीवर बसते आहे. चुकले.

बेंचवरचं काम मी तिला शिकवत होते. चरबी ऑक्सिडाइज होऊन तुटली की मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए, तयार होतं. प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात, थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून उकळत्या वॉटर बाथमध्ये ठेवलं की गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरवर मोजायचा. ऐकायला हळदी-कुंकवाइतकं सोपं. पण रक्त काढल्यापासून नळी बर्फात हवी, उजेडापासून झाकलेली हवी, नाहीतर नळीतच ऑक्सिडेशन चालू राहतं आणि आपण पेशंटचं नाही, आपल्या आळसाचं मोजमाप घेतो. बाथमध्ये नळ्यांच्या तोंडावर काचेच्या गोट्या ठेवायच्या, म्हणजे पाणी उडून रंग गडद होत नाही. आणि कुष्ठरोग्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी डोकेदुखी अशी, की त्यांचा प्लाझ्मा औषधांनी आधीच रंगलेला असतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक, म्हणजे हा आधीचा रंग वजा करायला एक जादा नळी. एका बॅचला दुप्पट नळ्या. मुलगी कुरकुरली, पण केलं. हे काम आम्ही नीट केलं, यात मला शंका नाही.

एमबी पेशंटांचा एमडीए वाढलेला आणि ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्यं घटलेली, हे याआधीही अनेकांनी दाखवलं आहे. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात गडद गुलाबी नळी काकांची. ती मी दोनदा नाकारली! सिरमला लालसर छटा दिसली की आम्ही "हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा" असा शिक्का मारतो, म्हणजे लाल पेशी नळीत फुटल्या असं धरतो. रक्त काढणाऱ्या पोराला मी सुनावलंही, की सुई बारीक वापरतोस, सिरिंज जोरात ओढतोस. तो बिचारा म्हणत राहिला की नस सापडायला त्रास झाला, पण रक्त हळूच ओढलं. लाल पेशी त्याच्या सिरिंजमध्ये फुटत नव्हत्या. त्या काकांच्या अंगातच मरत होत्या.

गोम इथेच आहे. डॅप्सोनचं शरीरात हायड्रॉक्सिलअमाइन बनतं आणि ते लाल पेशींना आतून ऑक्सिडाइज करतं. जीसिक्सपीडी (लाल पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं एन्झाइम) नॉर्मल असलेल्यांतही थोडंफार होतंच. एरवी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, तेवढे दिवस तिच्यावर साखर चढत राहते आणि एचबीएवनसी तीच चढलेली साखर मोजतो. पेशी आधीच मेली तर साखर चढायला वेळच मिळत नाही. बाजारात साखर कितीही असो, आकडा खालीच राहतो. म्हणजे ज्या ऑक्सिडेशनवर आम्ही प्रबंध लिहीत होतो, त्यानेच साखरेचा पुरावा पुसून टाकला होता.

मध्यंतरी स्टेरॉइडचा डोस वाढवताना फिजिशियननी एचबीएवनसी मागवला. 5.1. उपाशीपोटी साखर 108. केसपेपरवर शेरा: "शुगर कंट्रोलमध्ये, स्टेरॉइड चालू ठेवा." सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची साखर दुपारनंतर चढते, उपाशीपोटी ती साधीभोळी दिसते. त्याच आठवड्याचा कमी हिमोग्लोबिन, 9.8, आणि वाढलेले रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या लाल पेशी, हिमॅटॉलॉजीच्या वेगळ्या कागदावर होते. आमच्याकडे दोन विभागांचे दोन कागद. स्टेपल होतात एकत्र, वाचले जात नाहीत एकत्र. लिपिड प्रोफाइल तर कुणी मागितलंच नव्हतं. कुष्ठरोग्याला डॉक्टर त्वचेपासून नसांपर्यंत तपासतात, छातीपर्यंत कुणी येत नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका सकाळी काका प्रबंधाच्या तिसऱ्या सॅम्पलसाठी आले. दारापासून खुर्चीपर्यंत येताना एकदा बाकावर टेकले. उजव्या हाताच्या दोन बोटांवर ताजा फोड होता. मी विचारलं, हे कधी? त्यांनी बोटं उलटून पाहिली आणि म्हणाले, "आत्ता तुम्ही दाखवलंत तेव्हा."

रक्त घेऊन झालं तरी उठेनात. म्हणाले, "ताई, दोन रात्री झाल्या, आडवं पडलं की घुसमटतं. बसून झोपतोय." छातीत दुखतं का? "नाही हो. पाच-सहा दिवसांमागे एक रात्र मळमळलं, उलटी झाली. बस."

ऑक्सिमीटर लावला. 86. आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरला, बोलावलं, तर दारातूनच: "डॅप्सोनवाल्यांचं असंच दाखवतं मॅडम, मेट-हिमोग्लोबिन." यात चूक काहीच नव्हतं. डॅप्सोनने मेट-हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, वाढतं आणि ऑक्सिमीटर त्याला फसतो, हे खरंच आहे. पोरगा हुशार आहे, वाचलेलं आहे त्याचं. पण आडवं झोपता न येणं काही ऑक्सिमीटरच्या चुकीने होत नाही.

माझ्या हातात होता फिल्टर पेपर. काकांच्या रक्ताचा एक थेंब त्यावर टाकला, शेजारी माझ्या बोटाचा एक. मेट-हिमोग्लोबिन असेल तर थेंब चॉकलेटी असतो आणि हवेत कितीही हलवला तरी चॉकलेटीच राहतो. नुसता ऑक्सिजन कमी असेल तर हवा लागली की उजळतो. मी कागद पंख्यासारखा हलवत उभी, आरएमओ घड्याळाकडे बघतोय. काकांचा थेंब आधी जांभळट, मग कडेने उजळत गेला आणि थोड्या वेळात माझ्या थेंबापासून वेगळा ओळखू येईना. मेट-हिमोग्लोबिन थोडं असेलही, पण तो 86 खरा होता. आरएमओ एक अक्षर न बोलता एबीजीची (धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीची) सिरिंज आणायला पळाला, हे त्याचं कौतुक. धमनीच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब 54, खरोखरच कमी.

पुढचं भराभर झालं. ईसीजीत व्ही-वन ते व्ही-फोर क्यू वेव्ह, म्हणजे होऊन गेलेल्या अटॅकची खूण, एक्स-रेत फुप्फुसात पाणी. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारं प्रथिन) मी स्वतः लावला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावला. ती उलटीची रात्र हीच हार्ट अटॅकची रात्र होती. ईसीजी टेक्निशियनने आणखी एक दाखवलं: काका जोरजोरात श्वास घेत होते, तरी ठोक्यांमधलं अंतर पट्टीने आखल्यासारखं सारखं. निरोगी माणसात ते श्वासाबरोबर कमी-जास्त होतं. हा जंतू हातापायांच्या नसा (मज्जातंतू) खातो हे सगळ्यांना माहीत. हृदयाकडे जाणाऱ्या, ठोक्यांचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त नसाही बिघडतात, हे आमच्यातही थोड्यांच्याच ध्यानात असतं. दुखणं कळलं नाही ते या नसांमुळे, लपलेल्या मधुमेहामुळे, की दोन्हींमुळे, यावर आमच्या डॉक्टरांचं अजून एकमत नाही. दुपारी तीन वाजता साखर 312. सकाळी उपाशीपोटी 111 होती.

हृदयरोगाच्या ज्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं होतं, तिथून पहिला प्रश्न आला: "आयसोलेशन लागेल का?" नऊ महिने एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाची ही एकत्रित औषधं, घेतलेला माणूस कुणाला काय लागण करणार? पहिल्या काही डोसांतच संसर्गाची शक्यता जवळपास संपते. हे फोनवर समजावण्यात तीन तास गेले. त्या तीन तासांबद्दल मी जास्त लिहिणार नाही, जीभ सैल सुटेल.

काका वाचले. हृदयाचं पंपिंग 35 टक्केच राहिलं.

त्या रात्री मी उणे 80 च्या फ्रीजरमधून त्यांचं तीन महिन्यांपूर्वीचं सिरम काढलं, त्याच 5.1 वाल्या दिवसाचं. फ्रुक्टोसामाइन लावलं. ते मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर चढलेली साखर मोजतं, लाल पेशीच्या आयुष्याशी त्याचा संबंध नाही. 410 आलं. आमच्याकडे 285 च्या वर गेलं की जास्त धरतात, आणि काकांचं अल्ब्युमिन कमी असताना हा आकडा आला होता. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 26, फारच कमी. ट्रायग्लिसराइड 290. मग जुनी स्लाइडही काढली. कडेला चावा घेतल्यासारख्या लाल पेशी, ऑक्सिडेशनने मोडल्याची खूण, एका नजरेत चार. स्लाइड तीन महिने ट्रेमध्ये पडून होती.

पीजी मुलगी रडली. आपण त्यांचा एमडीए बघत होतो, सांगायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, एमडीए वाढला म्हणून अटॅक येणार असं कुणालाच सांगता येत नाही, तो आकडा केसपेपरवर लिहिण्याइतका पक्का नाही. हे मी खरंच सांगितलं. पण एचबीएवनसी तर केसपेपरवरच होता.

आता डॅप्सोनवरच्या पेशंटच्या एचबीएवनसीखाली मी एक ओळ टाकते: "डॅप्सोन चालू, आकडा कमी येऊ शकतो, फ्रुक्टोसामाइन व दुपारची साखर पाहावी." सॉफ्टवेअर शेऱ्याला मोजकीच अक्षरं देतं, त्यामुळे छापील रिपोर्टवर ती "आकडा कमी" पाशीच तुटते. उरलेलं मी पेनाने लिहिते.

गेल्या आठवड्यात मुलगी तक्ता घेऊन आली. काकांच्या ओळीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह. "मॅडम, यांना ठेवू की वगळू? हृदयविकार असलेले पेशंट घ्यायचे नाहीत असं आपणच प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय. पहिली दोन सॅम्पल आधीची आहेत, पण तिसरं त्याच दिवशीचं." मी म्हटलं, गाइडना विचार. गाइड म्हणाले, बायोकेमिस्ट्रीला विचार. तिसरी नळी दुसऱ्या खणात आहे, फॉइल गुंडाळलेली, अजून उकळलेली नाही.