टॅन हिल इनचा कुलवृत्तांत: काम कुठवर आलं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, कारण आता सांगण्यासारखं काही हाती आलंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. टॅन हिल इन हा ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब. उत्तर यॉर्कशायरमध्ये, समुद्रसपाटीपासून ५२८ मीटरवर. आजूबाजूला झाड नाही, नुसतं दलदलीचं माळरान आणि वारा. जवळचं गाव म्हणजे केल्ड, तेही चारेक मैलांवर. अशा जागी सतराव्या शतकापासून पब असण्याचं कारण जमिनीखाली होतं, ते म्हणजे कोळसा. इथल्या खाणींत मजूर होते, कोळसा वाहून नेणाऱ्या घोड्यांचे तांडे होते आणि त्या सगळ्यांना घसा ओला करायला एक छप्पर हवं होतं. शेवटची खाण १९२९ मध्ये बंद पडली. मजूर गेले, त्यांची घरं गेली. पब मात्र राहिला. तो का राहिला, हेच मला शोधायचंय. म्हणून इमारतीपेक्षा ती चालवणाऱ्या माणसांच्या मागे लागले आहे.

आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत लिहितात, तसाच हा पबचा. फरक एवढाच की इथे वंश रक्ताने नाही, परवान्याने चालतो. परवाना इमारतीपुरता असला तरी तो दिला जायचा माणसाच्या नावाने. नवरा गेला की तो पुष्कळदा विधवेकडे यायचा. त्यामुळे ज्या काळात बायकांची नावं सरकारी कागदात क्वचितच येतात, त्या काळातल्याही कितीतरी बायका पबच्या कागदांत स्वतःच्या नावाने उभ्या दिसतात. या छंदात मला सर्वांत जास्त ओढून घेणारी गोष्ट हीच आहे.

टॅन हिलच्या वंशावळीतलं सर्वांत ठसठशीत नावही बाईचंच: सुझन पीकॉक. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून १९३७ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिने हा पब चालवला. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. खाण बंद पडली तेव्हा गल्ल्यावर तीच होती. कोळशाचं गिऱ्हाईक आटलं आणि मोटारीतून, पायी हिंडायला येणारं नवं गिऱ्हाईक वाढलं, ते तिच्या डोळ्यांदेखत. माझ्या मते पब टिकला तो याच काळात, तिच्या हातून. नंतर आलेलं सगळं त्यावर चढलेलं आहे. १९५१ पासून मे महिन्यात भरणारं स्वेलडेल मेंढ्यांचं प्रदर्शन, १९६५ मध्ये खुली झालेली आणि थेट दारावरून जाणारी पेनाइन वे ही पायवाट, १९८० च्या दशकात इथे चित्रित झालेली खिडक्यांची टीव्हीवरची जाहिरात. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात एकसष्ट माणसं इथे तीन रात्री अडकून पडली, ती बातमी तर तुम्ही वाचलीच असेल.

आता कागदांकडे. तुम्ही दुसऱ्या कुठल्या पबवर काम करत असाल तरी हे उपयोगी पडेल.

१५५२ च्या कायद्याने दारू विकणाऱ्याला न्यायाधीशांपुढे जामीन देऊन हमी द्यावी लागायची. १७५३ नंतर या हमीपत्रांच्या नोंदवह्या ठेवणं सक्तीचं झालं, म्हणून तिथून पुढे नावांची सलग रांग मिळण्याची आशा असते. आणि मग १८२८ चा कायदा येतो. हमीपत्राची अट गेली आणि रांग तुटली. परवान्यांची रजिस्टरं पुन्हा नियमाने ठेवली जाऊ लागली ती १८७२ पासून. मधली चव्वेचाळीस वर्षं इथल्या प्रत्येक पबसंशोधकाला छळतात. त्यात १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरल्या की न्यायाधीशांकडे न जाताही बिअर विकता येऊ लागली. अशा लोकांची नावं व्यापारी डिरेक्टरीत सापडली, तरी पबचं नाव शेजारी असेलच असं नाही.

ही दरी जनगणनेने थोडीफार बुजते. १८४१ पासून माणसांची नावं आणि धंदा दोन्ही मिळतं. एक सूचना: नुसतं ‘पबवाला’ शोधू नका. खेड्यातला लँडलॉर्ड, म्हणजे पब चालवणारा, नुसत्या पबवर क्वचितच भागवायचा. तो शेतकरी, लोहार, खाणमजूर असाही लिहिलेला असतो, आणि कधी कधी तेवढाच.

सुझनच्या काळासाठी १९११ आणि १९२१ या दोनच जनगणना कामाच्या. १९११ चे अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले, म्हणजे त्या घरातलं हस्ताक्षर पाहायला मिळतं. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले, १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. युद्ध सुरू होताच १९३९ च्या सप्टेंबरात केलेली नागरिकांची नोंदवही आहे, पण तोवर सुझन गेलेली. तिच्या शेवटच्या सोळा वर्षांसाठी वर्तमानपत्रं आणि परवाना रजिस्टर यांवरच भिस्त.

हद्दींचाही घोळ लक्षात ठेवा. १९७४ च्या फेररचनेत हा पब डरॅम काउंटीत गेला आणि पुढे पुन्हा यॉर्कशायरमध्ये आला. त्यामुळे त्या मधल्या काळासाठी डरॅमच्या याद्याही चाळाव्या लागतात. जुन्या कागदांसाठी मात्र माझा मुक्काम नॉर्थॅलर्टनमधल्या उत्तर यॉर्कशायरच्या अभिलेखागारातच असेल.

पुढचं काम १९१० च्या जमीन-मूल्यांकनाचं. मूल्यांकन करणाऱ्यांनी भरलेल्या क्षेत्रवह्यांत पबच्या खोल्या, तबेले, इमारतीची अवस्था असं बरंच काही लिहिलेलं असतं, आणि तो काळ सुझनचाच. वह्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तुमच्यापैकी कुणी तिथे हा संग्रह हाताळला असेल, तर नकाशावरून वहीचा क्रमांक कसा काढलात तेवढं सविस्तर लिहा. जाण्याआधी तेवढी तयारी करून ठेवायची आहे.